चातुर्मास संपला, ओल नाही संपली



गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचं सामायिक झाल्यावर सासूबाईंनी थोकड्यांची वही मागितली. ती मागच्या खोलीतल्या कपाटात असते, परसाकडच्या काचेच्या सरकत्या दाराला लागून. वही हातात घेतली तर ती गार आणि मऊ लागली, जशी पावसाळ्यात पापडाची चळत लागते तशी. उघडून पाहिलं तर पंचवीस बोलांच्या पानांना कडेकडेनं हिरवट-काळी बुरशी धरलेली. दोन पानं एकमेकांना चिकटलेली.

ही वही सासूबाईंनी लग्नाआधी, पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा देताना, स्वतःच्या हातानं लिहिलेली आहे. शाईच्या पेननं, एकही खाडाखोड नाही. पन्नासहून जास्त पावसाळे तिनं काढले. खराब झाली ती भर हिवाळ्यात, आणि तीही आपल्या मिरजगावात, जिथं पाऊस कमी म्हणून सगळा कर्जत तालुका ओळखला जातो.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदरानं पान टिपत बसल्या. पण घरात कोणी तरी म्हटलंच, "तुझं लक्ष नव्हतं का तिकडं?"

खरं सांगते, लक्ष होतं. त्या दाराच्या काचेवर महिनाभर रोज सकाळी पाणी दिसत होतं. मी रोज फडक्यानं पुसत होते आणि पुढच्या कामाला लागत होते. पुसलं की झालं, असं वाटायचं. तिथंच चुकलं. म्हणून आज या विषयावर माझं मत सविस्तर लिहिते.

हे पाणी येतं कुठून?

आमचं घर १९९८ चं. तेव्हा गावात अशी दारं नवीन होती. अॅल्युमिनियमची चौकट, एकेरी काच, दोन पल्ले एकमेकांवर सरकणारे. बाहेर ओटा, पुढं तुळस आणि लिंबाचं झाड. उन्हाळ्यात छान वारा येतो. हिवाळ्यात मात्र आम्ही दिवाळीनंतर ते दार बंद करतो ते थेट होळीला उघडतो, कारण सासूबाईंना थंडी सोसत नाही.

पहिल्यांदा मला वाटलं की दार गळतंय. मिस्त्री आला, त्यानं काचेच्या कडेनं सिलिकॉन भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. मग दुसरा आला, म्हणाला, "ताई, दार जुनं झालंय, काढूनच टाका." कोणीच सांगितलं नाही की पाणी बाहेरून येत नाहीये. ते आमच्याच घरातलं आहे.

उन्हाळ्यात फ्रीजमधला तांब्या बाहेर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो ना, तेच हे. हवेत वाफ असते. हवा उबदार असेल तर ती जास्त वाफ धरते, गार झाली की तिला ती पेलत नाही. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी धरू शकते. तीच हवा १० अंशांना फक्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. उरलेलं जातं कुठं? घरातली जी वस्तू सगळ्यात गार असेल तिच्यावर बसतं. भिंत जाड असते, लाकूड गार पडत नाही. काच आणि अॅल्युमिनियम पहिल्यांदा गार पडतात, म्हणून पाणी आधी तिथं दिसतं.

आकड्यात सांगायचं तर, आपल्या खोलीत २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा १४ अंशांखाली गेली की तिचं पाणी होतं. बाहेर पारा १० वर आला तर एकेरी काचेची आतली बाजू १३ च्या जवळ येते. म्हणजे पाणी धरणारच. अहिल्यानगर म्हणा की नगर म्हणा, आपल्या जिल्ह्यात पौष-माघात पारा १० च्या आसपास येणं काही नवीन नाही. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांना तर हे जुनंच माहीत आहे. पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो आणि पांघरुणावर टपटप पडतो.

आता घरात एवढी वाफ येते कुठून ते बघा. माणूस रात्रभर झोपेत श्वासातून आणि घामातून पाव ते अर्धा लिटर पाणी सोडतो. आम्ही सहा जण. धुण्याच्या मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातही दोनेक लिटर पाणी सहज असतं, आणि नगर-सोलापूर रस्त्याची धूळ नको म्हणून मी कपडे आत, त्याच मागच्या खोलीत वाळत घालत होते. आणि ऐकून नवल वाटेल, गॅस जळतो तेव्हाही पाणी तयार होतं. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर! भाजीची, वरणाची, पोळीच्या तव्याची वाफ वेगळीच.

त्यात आपल्या घरांची एक खास भर आहे. आपण पाणी उकळून पितो. माझ्या घरी रोज सकाळी मोठं पातेलं भरून पक्कं पाणी होतं, मग ते परातीत थंड करायला ठेवायचं. थंडीत स्वयंपाकघराची खिडकी बंद, एक्झॉस्ट पंखा "आवाज करतो" म्हणून बंद. त्या पातेल्याची सगळी वाफ घरभर फिरते आणि पहाटे जाऊन मागच्या दारावर बसते. नियम पाळायचाच, तो सोडायचा प्रश्नच नाही. पण त्याची वाफ बाहेर जाऊ देणं हेही त्या नियमातलंच काम आहे असं मला आता वाटतं.

वाडवडिलांचं गणित

आपल्याकडं काळाचं किती बारीक गणित आहे पहा. पक्क्या पाण्याचा काळ पावसाळ्यात ३ प्रहर, हिवाळ्यात ४, उन्हाळ्यात ५. मिठाईचा काळ पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. लहानपणी मी आईला विचारायचे, पावसाळ्यात एवढं कमी का? ती म्हणायची, ओलीत जीव लवकर उपजतात. एवढं साधं उत्तर होतं. सूक्ष्मदर्शक यंत्र न पाहिलेल्या बायकांना हे ठाऊक होतं आणि त्याप्रमाणं डबे रिकामे होत होते.

चातुर्मासात आपण किती जपतो! ओट्यावर शेवाळ धरू नये म्हणून राख-चुना, कपाटं उन्हात, धान्य चाळून, पापड-कुरडया पुन्हा वाळवून. फूलण दिसली की जीव वरखाली होतो. कारण लीलण-फूलण आपण अनंतकाय मानतो, एका ठिपक्यात अनंत जीव. पण कार्तिकी पौर्णिमा झाली, महासतीजींचा विहार झाला, की आपलं हे जपणंही त्यांच्याबरोबरच विहाराला निघतं! हिवाळा म्हणजे कोरडा, आता काळजी नाही.

बाहेर तो कोरडा आहेच. पण वाडवडिलांचं गणित ज्या घरांसाठी होतं ती घरं वेगळी होती. मातीच्या भिंती, माळवदाचं छत, उजेडासाठी झरोका, चौकात चूल, दाराला दोन बोटं फट. त्या घरात वाफ टिकतच नव्हती. आज आपण सिमेंटचं घर बांधतो, ऑइलपेंट लावतो, रबराच्या पट्ट्या लावून दारं घट्ट करतो, जाड पडदा ओढतो आणि आत सहा माणसं, गॅस, गिझर आणि ओले कपडे. कॅलेंडरवर पौष असतो आणि मागच्या खोलीत श्रावण. मिठाईचा डबा त्या दाराजवळच्या फळीवर असेल तर ३० दिवसांचा हिशोब त्याला लागू कसा पडेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. जतना महिन्यानं ठरवू नये, ओलीनं ठरवावी. जिथं पाणी धरतंय तिथं चातुर्मास चालू आहे असं समजावं.

पुसायचं की नाही?

मंडळात हा विषय निघाला तेव्हा एक काकीजी म्हणाल्या, "ओस म्हणजे अपकाय. फडक्यानं पुसणं म्हणजे हिंसाच की. राहू द्यावं, ऊन आलं की आपोआप जातं." दुसरी म्हणाली, "मग फूलण झाली की काय करशील? ती तर त्याहून मोठी."

दोघींचंही बरोबर आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. इरियावहियाचा पाठ आपण रोज म्हणतो. चालताना-फिरताना कोणाकोणाला त्रास झाला असेल ते त्यात मोजलेलं आहे. त्यात ओस आहे, पाणी आहे, ओली माती आहे, पणग म्हणजे फूलण आहे, कोळ्याचं जाळंही आहे. त्या दिवशी दाराचा खालचा चॅनल साफ करायला बसले आणि एकदम लक्षात आलं की हे सगळं या दोन फुटांत आहे! काचेवर ओस, चॅनलमध्ये पाणी, त्यात रस्त्याची माती, रबराच्या कडेला काळी फूलण, कोपऱ्यात जाळं. इतकी वर्षं पाठ म्हणत होते आणि ते सगळं माझ्याच दारात मी वाढवत होते.

एकदा फूलण झाली की आपल्यापुढं चांगला रस्ता उरतच नाही. ठेवली तर वाढते, काढली तर जीव जातात. बाजारात फवारे मिळतात, त्यांच्या डब्यावर अभिमानानं लिहिलेलं असतं की सगळं मारतं. मला तो हातात धरवत नाही. पण "मी मारत नाही" म्हणून दार तसंच सोडणं, ही अहिंसा नाही, हा प्रमाद आहे. जतना याचा अर्थ माझ्या मते असा, की ती वेळच येऊ द्यायची नाही. जीव उपजतील अशी जागा तयार करायची नाही. बाकी शास्त्राचा बारकावा आपापल्या महासतीजींना विचारावा, मी गृहिणी म्हणून सांगते आहे.

लेकीचा फोन

माझी लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जिथं जैन मंदिर आहे, त्याच गावात. वहीचं सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, इथं तर घरोघरी हेच." तिच्या भाड्याच्या घरात बागेकडं असंच सरकतं काचेचं दार आहे, आणि थंडीत रोज सकाळी खाली ओघळ. तिथं या गोष्टीकडं किती गंभीरपणे पाहतात ते तिनं सांगितलं.

रॉचडेल म्हणून मँचेस्टरजवळ गाव आहे. तिथं अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ डिसेंबर २०२० मध्ये वारलं. घराच्या भिंतींवर बुरशी होती. त्याचे वडील २०१७ पासून तक्रार करत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा निकाल आला की घरातल्या बुरशीत राहून त्याच्या श्वसनमार्गाला जो आजार झाला त्यानंच ते गेलं, आणि घरात हवा खेळायला पुरेशी सोयच नव्हती. वाईट म्हणजे, आधी त्या कुटुंबाच्याच राहणीवर बोट ठेवलं गेलं होतं. तुमच्या अंघोळीच्या पद्धतीमुळं, तुमच्या स्वयंपाकामुळं ओल येते. पुढं त्याबद्दल माफी मागावी लागली. त्या बाळाच्या नावानं तिथं कायदा झाला. सरकारी मदतीच्या भाड्याच्या घरांत ओल-बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत घरमालकानं ती दूर करायची. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला.

हे ऐकल्यावर मी वहीचं दुःख बाजूला ठेवलं आणि सासूबाईंच्या खोकल्याचा विचार केला. त्यांचा पलंग त्याच खोलीत, दारापासून चार हातांवर. दर थंडीत त्यांना खोकला होतो, आम्ही म्हणतो, "थंडी सोसत नाही," आणि दार आणखी घट्ट लावतो. डॉक्टरांना या वेळी पहिल्यांदा बुरशीचं सांगितलं. ते म्हणाले, दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना अशी खोली चांगली नाही, आधी पलंग हलवा. बुरशीचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासातून आत जातात. काळा डाग दिसला नाही म्हणजे ते नाहीत असं नाही.

आणि दुसरी गोष्ट मनात राहिली ती दोष देण्याची. तिथं भाडेकरूला म्हणाले, इथं सुनेला म्हणतात. "तुझं लक्ष नव्हतं का?" मैत्रिणींनो, सहा माणसांच्या श्वासाचं पाणी एका बाईच्या फडक्यानं पुसून संपणारं नाही. ओल सगळ्या घराची, तर जतनाही सगळ्या घराची. एक्झॉस्ट पंखा बसवायचा खर्च, दाराची दुरुस्ती, सकाळी खिडकी उघडण्याचं काम, हे वाटून घ्यायचं आहे. हे मी घरात बोलले. थोडं ऐकावंही लागलं. पण बोलले.

या थंडीत आम्ही काय केलं

आता करण्यासारखं सांगते. आधी पाणी नेमकं कुठं आहे ते पाहा. काचेला आतून हात लावून ओलं लागलं, तर ती घरातली वाफ आहे. बाहेरून ओलं असेल तर तो साधा दहिवर आहे, ऊन आलं की जातो, त्याला हात लावायचं कारण नाही. दुहेरी काच असेल आणि धुकं दोन काचांच्या मधे दिसत असेल, तर काचेचं सील गेलं आहे, ते घरी दुरुस्त होत नाही, ती काच बदलावी लागते. आणि फक्त पावसातच ओल येत असेल तर मात्र दार खरंच गळतंय.

आमचं घरातलंच होतं. म्हणून पहिला नियम केला नवकारसीचा. थंडीत सूर्योदय सातच्या पुढं होतो. सूर्योदयापासून ४८ मिनिटं आपण मुखात काही घालत नाही. त्या वेळातली पंधरा मिनिटं मागचं दार आणि समोरची खिडकी दोन्ही उघडायची, म्हणजे हवा आरपार जाते. तेवढा वेळ सासूबाई शाल घेऊन पुढच्या खोलीत उन्हाला बसतात. आधी त्या म्हणाल्या, "गार हवा घेऊन ओल कशी जाईल?" मलाही तसंच वाटायचं. पण वर सांगितलेलं गणित इथं उपयोगी पडतं. १० अंशांची बाहेरची हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात पाणी थोडंच असतं. ती घरात येऊन २२ अंशांना तापली की तिची आर्द्रता निम्म्यावर येते. म्हणजे बाहेरची गार हवा आपल्या घराला कोरडीच असते. संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर, सूर्यास्ताच्या आत, पुन्हा दहा मिनिटं. आपल्याकडं चौविहार असल्यानं स्वयंपाकघर लवकर आवरतं, हा आपला फायदाच आहे. रात्री नऊ वाजता भाजी परतणाऱ्या घराला हे कसं जमणार?

दुसरं, पक्कं पाणी उकळताना पातेल्यावर झाकण आणि एक्झॉस्ट चालू, पाणी उतरवल्यावरही वीस मिनिटं. पंख्याला जाळी बसवून घेतली, म्हणजे पाकोळ्या-किडे येत नाहीत. स्वयंपाकघराचं दार त्या वेळी लोटून घ्यायचं, नाहीतर वाफ पंख्याकडं न जाता घरात येते.

तिसरं, कपडे बाहेर. धुळीचा त्रास आहे, पण सकाळी दहा ते तीन एवढ्या वेळात थंडीतलं ऊन पुरतं. तीनला काढून आणायचे. रात्री दोरीवर राहू द्यायचे नाहीत, दहिवरानं पुन्हा ओले होतात.

चौथं, खुद्द दार. त्याच्या खालच्या चॅनलमध्ये बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात. आमची मातीनं बुजलेली होती. आधी मऊ पुंजणीनं हळूच जाळं आणि किडे-मुंग्या बाजूला केल्या, मग कोरडी माती उकरली, मग काडीनं भोकं मोकळी केली. पल्ल्यांच्या कडेची केसाळ पट्टी झडून गेली होती आणि रबर कडक होऊन फुटलं होतं. दोन्ही नव्यानं बसवली. नव्या दाराच्या मानानं हा खर्च अगदीच किरकोळ आहे.

पाचवं, जाड पडदा. रात्री पडदा ओढला की घराची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, काच आणखी गार पडते, आणि पाणी पडद्याआड दिसतही नाही. आता पडदा खालून-वरून थोडा मोकळा ठेवते आणि उजाडताच बाजूला करते. कपाट दारापासून दूर, समोरच्या आतल्या भिंतीला नेलं, तेही भिंतीपासून चार बोटं सोडून.

एवढं करूनही कडाक्याच्या थंडीत चार-सहा दिवस काच ओली होतेच. तेव्हा सकाळीच कोरड्या मऊ सुती फडक्यानं टिपून घेते. घासत नाही. फडकं मोरीत पिळत नाही, उन्हात पसरते. ते पूर्ण वाळलं की झालं. ओलं फडकं तसंच गोळा करून ठेवलं तर त्याच्यावरच फूलण धरते, मग पुसण्याचा काय उपयोग?

आर्द्रता मोजायचं घड्याळासारखं छोटं यंत्र मिळतं, ते एक आणलं. काटा ६० च्या खाली ठेवायचा एवढंच बघायचं. नातवाला ते काम दिलं आहे. तो दिवसातून चार वेळा ओरडून आकडा सांगतो! वाटीत मीठ ठेवा, कापूर ठेवा असं बऱ्याच जणी सांगतात. वाटीभर मीठ डब्याला पुरेल, खोलीला नाही. डांबराच्या गोळ्या कपड्याच्या किड्यांसाठी असतात, त्यांनी ओल जात नाही.

नवं दार घ्यावं का?

घरात नवं दार बसवायचं जवळजवळ ठरलं होतं. यूपीव्हीसीची चौकट, दुहेरी काच. मी म्हटलं, एक थंडी थांबा. दुहेरी काच चांगलीच, तिची आतली बाजू त्याच १० अंशांच्या पहाटे १७-१८ अंशांना राहते, तिच्यावर पाणी धरत नाही. पण घरातली वाफ त्यामुळं कमी होते का? नाही. दार अधिक घट्ट झालं की ती बाहेर जायची उरलीसुरली फटही बंद होते, आणि मग ती दुसरी गार जागा शोधते. कपाटामागची भिंत, पलंगामागचा कोपरा, छताची कड. काचेवरचं पाणी निदान दिसतं. भिंतीत मुरलेलं दिसत नाही. जुन्या दारावरचं पाणी म्हणजे घराची तक्रार आहे असं समजा. दार बदलून तक्रार ऐकू येईनाशी होईल, मिटणार नाही.

चौकट सडली असेल, पल्ला सरकतच नसेल, पाऊस आत येत असेल, किंवा घरात दम्याचं माणूस असून हे सगळं करूनही काच रोज वाहत असेल, तर जरूर बदला. पण आधी हवा, मग दार. आपल्या अपरिग्रहाच्या गोष्टी आपण व्याख्यानात ऐकतो आणि घरी येऊन चांगली चालणारी वस्तू काढून टाकतो. पंचवीस वर्षांहून जास्त चाललेलं दार नवी पट्टी लावून आणखी काही वर्षं चालत असेल, तर तेच ठीक.

वहीचं काय झालं

वही सावलीत, वारा लागेल अशी, पानं सुटी करून चार दिवस वाळवली. कडक उन्हात ठेवली नाही, कारण शाई उडते. पूर्ण वाळल्यावर बाहेर ओट्यावर, नाकाला मुहपत्ती बांधून, मऊ ब्रशनं हळू झाडली. घरात झाडली असती तर ते कण सगळीकडं पसरले असते. जे जीव गेले त्यांचं आलोचनेत सांगितलं. मग नातीनं प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. हे मी आधीच करायला हवं होतं. तुमच्याकडं आई-सासूच्या हातच्या अशा वह्या, स्तवनांची पानं, जुन्या पत्रिका असतील तर थंडी सुरू व्हायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा.

चिकटलेली दोन पानं मात्र सुटली नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, त्यातलं मला येतं." त्या म्हणत गेल्या आणि नात नव्या कागदावर लिहीत गेली. मध्ये दोनदा तिनं विचारलं, "दादीजी, याचा अर्थ काय?" तेव्हा लिहिणं थांबलं आणि समजावणं सुरू झालं. ती दोन पानं आता वहीत जुन्या पानांच्या जागी लावली आहेत, नातीच्या अक्षरात.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर मी कपाटं आवरताना मागच्या दारापासून सुरुवात केली. सासूबाईंचा पलंग आता पुढच्या खोलीत आहे. खोकला या वेळी अजून तरी आलेला नाही. दाराचं श्रेय आहे की देवगुरूंची कृपा, मी वाद घालत नाही. सकाळी सव्वासातला घरातला जो आधी उठेल तो दार उघडतो. परवा ते काम करताना ज्यांनी मला "लक्ष नव्हतं का" विचारलं होतं तेच दिसले. मी काही बोलले नाही. चहा मात्र नवकारसी आल्यावरच दिला!

तुमच्या घरी अशी ओल कुठं धरते, आणि तुम्ही काय करता, ते पुढच्या वेळी मंडळात भेटलात की जरूर सांगा.

जिनाज्ञेविरुद्ध किंवा कोणाचं मन दुखेल असं काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.